हौशी मंडळांसाठी घडवलेल्या पारंपरिक घडीच्या चाकूंचा संग्रह कसा करावा

घडीच्या चाकूंच्या हौशी मंडळींमध्ये एक रीत पडून गेली आहे. मंडळी वर्षातून एकदा आपसांत विचारविनिमय करून चाकूचा घाट, पात्याचे पोलाद आणि मुठीवरचे साहित्य ठरवतात, आगाऊ पैसे भरून एखाद्या कारखान्याकडे मागणी नोंदवतात आणि जितक्या सभासदांनी पैसे भरले असतील तितकेच, फार तर थोडे अधिक, चाकू घडवून घेतात. पात्यावर मंडळाचे नाव आणि वर्ष कोरलेले असते, मुठीवर धातूचे खास चिन्ह बसवलेले असते आणि पुष्कळदा प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांकही असतो. अमेरिकेतील संग्राहकांच्या मंडळांनी १९७०च्या दशकापासून असे वार्षिक चाकू काढले. त्यांतल्या काहींचे मोल पुढे वाढले, पुष्कळांचे वाढले नाही. याचे कारण केवळ संख्येत शोधले तर हाती काही लागत नाही, कारण कोणत्याही चाकूचे थोडेच नग काढणे सोपे असते. म्हणून या संग्रहाचा माझा नियम असा आहे की आधी चाकू पाहावा आणि मग त्यावरचे वर्ष आणि क्रमांक पाहावा.

पहिली पायरी : चाकूची रचना हाताने ओळखायला शिकावे

पारंपरिक घडीच्या चाकूला बहुधा कुलूप नसते. मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी स्प्रिंग पात्याच्या मुळावर दाब देते आणि त्या दाबानेच पाते उघडे किंवा मिटलेले राहते. स्प्रिंगच्या दोन्ही अंगांना पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे पातळ पत्रे असतात, त्यांना लायनर म्हणतात. लायनरवर हाड, शिंग, लाकूड किंवा मायकार्टा (राळेत दाबून घट्ट केलेले कापड किंवा कागद) यांची आवरणे खिळ्यांनी ठोकलेली असतात आणि टोकाला धातूची जाड टोपी असते, ती बोल्स्टर. पात्यावर नख अडकवून उघडण्यासाठी खाच असते. मुळाशी, धारेच्या बाजूला, एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो, तो मिटलेल्या स्थितीत स्प्रिंगवर टेकतो आणि धार स्प्रिंगवर आदळू देत नाही.

चाकू हातात आला की पाते सावकाश उघडावे. मूळ चौकोनी घासलेले असेल तर पाते अर्ध्या वाटेवर, काटकोनात, क्षणभर थांबते. मूळ गोल असेल तर ते सलग उघडते. दोन्ही पद्धती योग्य आहेत, आवडीचा प्रश्न आहे. पाते पूर्ण उघडताना आणि मिटताना स्वच्छ, ठाम ‘टक्’ असा आवाज यावा. जुने संग्राहक या चालीवर आणि आवाजावरच अर्धा निर्णय करतात. स्प्रिंगचा जोर ते एक ते दहा अशा अंकांत सांगतात. पाच-सहाचा जोर बहुतेक हातांना सोसवतो, आठच्या पुढे मात्र नखाचा जीव जातो आणि असा चाकू कितीही दुर्मिळ असला तरी पेटीतच पडून राहतो.

यानंतर तीन ठिकाणी नजर द्यावी. पाते उघडे, अर्धे आणि मिटलेले अशा तिन्ही स्थितींत स्प्रिंगची पाठ लायनरशी समतल आहे का, हे बोट फिरवून पाहावे. चाकू उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि लायनर यांच्या मधून फट दिसते का, ते पाहावे. शेवटी उघडे पाते चिमटीत धरून आडवे आणि वर-खाली हलवून पाहावे. आडवी डुगडुग थोडी असेल तर कधीकधी दुरुस्त होते, वर-खाली हलणारे पाते मात्र मुळाशी झिजलेले किंवा चुकीचे घासलेले असण्याची शक्यता मोठी असते. एका बाबतीत नवखे लोक हमखास फसतात. एकाच स्प्रिंगवर दोन पाती असतील तर ती एकमेकांना घासू नयेत म्हणून कारागीर त्यांना मुद्दाम किंचित वाकवतो. वाकडे पाते पाहून असा चाकू परत पाठवणारे मी पाहिले आहेत, आणि त्या परत आलेल्या चाकूचा लाभ दुसऱ्याच कुणाला झालेलाही पाहिला आहे.

दुसरी पायरी : घाट आणि कारखान्याचा ठसा वाचावा

मंडळांचे चाकू बहुधा जुन्या, रुळलेल्या घाटांतच निघतात. बार्लो हा लांब बोल्स्टरचा साधा, दणकट घाट इंग्लंडमधल्या शेफील्डचा. ट्रॅपरमध्ये दोन लांब पाती एकाच टोकाला असतात. स्टॉकमन हा गुराख्यांचा तीन पात्यांचा चाकू. त्यातले बोथट टोकाचे स्पे पाते जनावरांचे खच्चीकरण करताना टोक नको तिथे रुतू नये म्हणून तसे ठेवलेले असते. घाटामागचे काम कळले की पात्याची लांबी आणि टोकाचा आकार असा का, हे आपोआप उलगडते, आणि मंडळाने एखादे पाते बदलले असेल तर तो बदल शहाणपणाचा आहे की नुसता नावीन्यासाठी केला आहे, हेही समजते.

कारखान्याचा ठसा पात्याच्या मुळावर असतो आणि तो वाचणे ही स्वतंत्र विद्या आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड इथल्या केस या कारखान्याने १९७० साली ठशाखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत नेला. त्यामुळे १९७९च्या चाकूवर एकच ठिपका आढळतो आणि १९८०मध्ये मोजणी पुन्हा दहापासून सुरू होते. त्याच कारखान्याच्या जुन्या पद्धतीत ६२५४ या आकड्यातला पहिला ६ हाडाची मूठ सांगतो, २ पात्यांची संख्या सांगतो आणि ५४ हा ट्रॅपरचा घाट क्रमांक असतो. त्याच राज्यातल्या टायटसव्हिल गावी २००६मध्ये सुरू झालेल्या ग्रेट ईस्टर्न कटलरीने जुन्या घाटांचे चाकू पुन्हा लहान लहान संख्येने काढायला सुरुवात केली आणि खास मागणीच्या चाकूंसाठी हौशी मंडळींची पावले तिकडे वळली. उलट श्रेड हा जुना मोठा कारखाना २००४मध्ये आणि कॅमिलस २००७मध्ये बंद पडला. बंद कारखान्याचा ठसा पुढे दुसऱ्याच हातात जाऊन नव्या, वेगळ्या देशात बनलेल्या मालावर दिसू शकतो, म्हणून नुसत्या नावावर भुलू नये.

तिसरी पायरी : संग्रहाला कुंपण घालावे

दिसेल तो वार्षिक चाकू घेत गेल्यास दोन वर्षांत पेटी भरते आणि संग्रह होत नाही. एकच घाट वेगवेगळ्या वर्षांचा, एकाच मंडळाची सलग वर्षे, किंवा एकाच कारखान्याने वेगवेगळ्या मंडळांसाठी केलेले काम, यांपैकी एक सूत्र धरावे. माझ्या मते तिसरे सूत्र सर्वांत शिकवणारे आहे, कारण कारखाना तोच आणि गिऱ्हाईक वेगळे असल्यामुळे कोणत्या मंडळाने कशाचा आग्रह धरला ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. सलग वर्षांच्या मालिकेत पहिल्या वर्षाचा नग मिळवण्यासाठी भलतीच किंमत मोजावी लागते, हे आधीच लक्षात घ्यावे.

चौथी पायरी : मागणी नोंदवताना

मागणी उघडते तेव्हा घाई असते आणि घाईत माणूस वाचत नाही. पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी लेखी असाव्यात : पोलाद कोणते, आवरणाचे साहित्य काय, एकूण नग किती आणि दोष निघाल्यास चाकू कारखाना बदलून देणार की मंडळ. ‘हाड’ एवढेच लिहिले असेल तर रंग आणि खोदकाम कसे, हेही विचारावे. गुरांच्या हाडावर यंत्राने खाचा पाडून ते रंगवण्याचे अनेक प्रकार आहेत आणि रंग नगागणिक बदलतो. सांबराच्या शिंगाची मूठ असेल तर शिंग जुन्या साठ्यातले आहे का, याची चौकशी करावी, कारण भारताने १९९८मध्ये शिंगांच्या निर्यातीवर बंदी घातल्यापासून हे साहित्य दुर्मिळ आणि महाग झाले आहे. हस्तिदंताच्या वाटेला तर जाऊच नये. वन्यजीव-व्यापाराच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली १९८९मध्ये त्याच्या देशोदेशीच्या व्यापारावर बंदीचा निर्णय झाला आणि अनेक देशांत देशांतर्गत विक्रीही कायद्याच्या कचाट्यात सापडते. ठरलेली तारीख उलटून सहा महिने गेले तरी घाबरून जाऊ नये, छोट्या कारखान्यांत हे नित्याचे आहे. मात्र मंडळाकडून अधूनमधून खबर येत राहिली पाहिजे.

पाचवी पायरी : दुसऱ्याच्या हातून घेताना

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, आणि विकणाऱ्यालाही ते चांगले ठाऊक असते. म्हणून जुना वार्षिक चाकू घेताना पात्यापासून सुरुवात करावी. कोरलेली अक्षरे फिकट आणि ठशाच्या कडा गोलावलेल्या असतील तर पाते कधीतरी चाकावर चमकवलेले आहे. दोन पात्यांचा रंग वेगळा, एका खिळ्याचे डोके ताजे, किंवा बोल्स्टरवर ठोकल्याच्या खुणा असतील तर पाते किंवा स्प्रिंग बदललेली असू शकते. पाते मिटवून धारेची रेषा पाहावी. ती मुठीत खूप खोल बुडालेली असेल तर धार लावून लावून पाते झिजले आहे. त्याच घाटाच्या न वापरलेल्या पात्याचे छायाचित्र समोर असेल तर हा अंदाज बराच अचूक येतो.

संग्राहकांच्या भाषेत ‘मिंट’ म्हणजे कारखान्यातून आला तसा, न वापरलेला, न खिशात ठेवलेला आणि एकदाही धार न लावलेला चाकू. ‘एक्सलंट’ म्हणजे पात्याची झीज १० टक्क्यांच्या आत आणि ‘व्हेरी गुड’ म्हणजे सुमारे २५ टक्के. विक्रेता ‘जवळजवळ मिंट’ म्हणतो तेव्हा त्याने धार लावली आहे का, हा एकच प्रश्न सरळ विचारावा. खोके, चाकू ज्यात भरून येतो ती नळी आणि प्रमाणपत्र असल्यास प्रमाणपत्रावरचा क्रमांक चाकूवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. कागद एका नगाचा आणि चाकू दुसऱ्याच नगाचा, असे होते.

सहावी पायरी : जतन

पारंपरिक चाकूंत १०९५ हे साधे कार्बन पोलाद फार आढळते. त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो आणि क्रोमियम जवळपास नसते, त्यामुळे ते उत्तम धार घेते आणि तितक्याच तत्परतेने गंजते. ४४०सी या पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम असल्याने त्याची काळजी कमी. १०९५च्या पात्यावर वापराने येणारी निळसर-करडी छटा हा गंज नव्हे; ती पोलादाला काही अंशी सांभाळते आणि ती घासून काढल्यास जुन्या चाकूची किंमत उतरते. तांबूस, बोटाला लागणारा थर मात्र गंजच आहे आणि तो दिसताक्षणी तेलाच्या बोळ्याने पुसावा.

पेटीत ठेवण्यापूर्वी पात्यावर खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि सांध्यात एक थेंब सोडून पाते चार-सहा वेळा उघडमीट करावे. आधी काळपट मळ बाहेर येतो, तो पुसावा आणि मळ येणे थांबेपर्यंत पुन्हा थेंब सोडावा. स्वयंपाकाचे तेल वापरू नये, ते काही महिन्यांत चिकट होऊन सांधा धरते. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नये. माझा पहिला वार्षिक चाकू मी म्यान शोभते म्हणून त्यातच ठेवला होता. वर्षाने काढला तेव्हा पितळी लायनरच्या कडेने हिरवा मेणचट थर चढलेला होता आणि पात्यावर ठिपक्यांसारखा खड्डेदार गंज होता. थर निघाला, खड्डे निघाले नाहीत. चामडे ओलावा धरते आणि कमावताना वापरलेली रसायने धातूला बाधतात.

सेल्युलॉइडच्या मुठीचा जुना चाकू असेल तर त्याला बाकीच्या संग्रहापासून दूर, हवा खेळती राहील अशा ठिकाणी ठेवावे. हे साहित्य कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वाफ निघते आणि ती त्याच चाकूचेच नव्हे तर शेजारच्या चाकूंचे पोलादही खाते. शिवाय ते भर्रकन पेट घेणारे आहे. मूठ आक्रसलेली, चिरलेली दिसली किंवा पाते विनाकारण गंजू लागले तर ती पहिली सूचना समजावी. हाड आणि लाकूड यांना टोकाचा कोरडेपणा सोसत नाही, पोलादाला दमटपणा सोसत नाही. म्हणून पेटीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी वाळवून घ्याव्यात.

वापरावा की जपावा?

या प्रश्नावर मंडळांमध्ये भांडणे होतात. ज्यांना परवडते ते दोन नग घेतात, एक खिशात आणि एक पेटीत. एकच नग असेल तर मी तो वापरतो, कारण ज्या चाकूने कधी पेन्सिलही तासली नाही त्याची चाल कशी आहे, हे त्याच्या मालकालाही कळत नाही. मात्र कमी क्रमांकाचा किंवा नमुन्यादाखल केलेला नग हाती आला तर त्याला धार लावण्यापूर्वी महिनाभर थांबावे. एकदा दगडावर घासलेले पाते पुन्हा ‘मिंट’ होत नाही.

चाकू बाहेर नेताना तिथला कायदा आधी पाहावा. ब्रिटनमध्ये कुलूप नसलेला, ३ इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू जवळ बाळगण्यासाठी कारण द्यावे लागत नाही, तर जपानमध्ये, काही लहान घडीचे चाकू वगळता, ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते रास्त कारणाशिवाय बाळगणे गुन्हा ठरतो. विमानप्रवासात तो हातातल्या सामानात ठेवू नये.

प्रत्येक चाकूची नोंद घेतल्याच दिवशी करावी : मंडळ, वर्ष, कारखाना, घाट, पोलाद, आवरण, क्रमांक, एकूण नग, कुणाकडून घेतला, किती दिले आणि त्या वेळी स्थिती कशी होती. सोबत पात्याच्या दोन्ही बाजूंची आणि ठशाची छायाचित्रे असावीत. मागणीच्या वेळचा पत्रव्यवहारही जपावा, कारण चाकूचा रंग किंवा पाते तसेच का ठरले, हे पुढे कुणी विचारले तर ते फक्त त्यातच सापडते. ही नोंदवही चाकूंच्या पेटीत न ठेवता वेगळी ठेवावी आणि ती कुठे आहे, हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवावे.