खोक्यावर ‘इतर’ लिहू नका: मुलांना घेऊन घर बदलताना या चुका टाळा

अकरा महिन्यांचा करार संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. “तुम्ही एवढ्यांदा घरं बदललीत, काही टिप्स द्या ना.” लग्नाला चौदा वर्षं झाली, हे आमचं सातवं घर. ठाणे, नाशिक आणि मग पुण्यातच पाच. मध्ये दोन मुलं झाली. विचारलं की मी सगळं सांगते, लोक “हो हो” म्हणतात आणि करायचं तेच करतात. म्हणून आता लिहूनच ठेवते.

सगळ्यात मोठी चूक, आणि ती भल्याभल्यांकडून होते: मुलांना आजोळी धाडून देणं. “पायात पायात येतात, चार दिवस आजीकडे राहू देत, घर लागलं की आणू.” आम्हीही हेच केलं होतं. नाशिकहून पुण्याला आलो तेव्हा मोठा साडेचार वर्षांचा होता. त्याला साताऱ्याला माझ्या आईकडे ठेवलं आणि आठ दिवस राबून घर लावलं. पडदे लागले, त्याचा नवा पलंग आला, भिंतीवर हत्तीचं स्टिकर चिकटवलं. मग त्याला आणलं. वाटलं, पोरगं उड्या मारेल. पोरगं आत आलं, सगळ्या खोल्या बघितल्या आणि चप्पल काढेना. जेवायला बसला तोही चप्पल घालून. जेवण झाल्यावर म्हणाला, “चला, आता आपल्या घरी.”

रात्री झोपल्यावर मी हळूच चपला काढायचे. सकाळी उठला की आधी चपला, मग दात. जवळजवळ तीन आठवडे हे चाललं. चूक त्याची नव्हती. जुनं घर रिकामं होताना त्याने पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्या लेखी ते जसंच्या तसं होतं आणि आम्ही इथे पाहुणे आलो होतो. शेवटी एका रविवारी त्याला घेऊन नाशिकला गेलो. जिना चढून त्या दारापाशी उभे राहिलो. पाटी दुसरीच होती आणि बाहेर दुसऱ्याच कुणाच्या चपला होत्या. त्याने त्या बराच वेळ बघितल्या. बेल वाजवायची का विचारलं, तर नको म्हणाला. पुण्यात आल्यावर काही न बोलता चपला स्टँडवर ठेवल्या. पाचशे रुपयांचं हत्तीचं स्टिकर आणण्यापेक्षा आधीच त्याला खोकी भरायला बसवलं असतं तर!

तेव्हापासून आमच्याकडे मुलं शेवटच्या खोक्यापर्यंत हजर असतात. प्रत्येकाला एक खोकं. त्यात काय भरायचं ते त्याचं तो ठरवणार, मी तोंड घालत नाही. मागच्या वेळी धाकटीने सोसायटीच्या बागेतले दगड भरले. नेले दगड. हमाल काय पुटपुटला ते मी ऐकलं नाही असं धरून चालते. सामान गेलं की रिकाम्या खोल्यांत मुलांना मनसोक्त ओरडू देते. आवाज घुमतो, मजा येते, आणि इथे आता आपलं काही उरलं नाही हेही कळतं. त्रास होतो का? होतो. अर्धा दिवस जास्त जातो. ज्यांना तो अर्धा दिवस वाचवायचा असतो, तेच पुढे महिनाभर “अजून रुळतच नाही हो” म्हणत फिरतात.

दुसरी माझी खास नावडती चूक म्हणजे खोक्यावर ‘इतर’ लिहिणं. पहिली चार खोकी लोक शिस्तीत भरतात: ‘स्वयंपाकघर, काचसामान’, ‘पुस्तकं’ वगैरे. मग कंटाळा येतो आणि उरलेलं सगळं ‘इतर’ होतं. एका वर्षी आमची तेरा खोकी ‘इतर’ होती. धाकटी तेव्हा दोन वर्षांची, तिला आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी तोंडावर घेतल्याशिवाय झोप येत नाही. ती गोधडी अकराव्या खोक्यात निघाली, पहाटे पावणेतीनला, मिक्सरच्या भांड्याला गुंडाळलेली. ‘सगळं आम्हीच पॅक करतो’ म्हणणाऱ्या माणसांना गोधडी आणि फडकं यांत फरक दिसत नाही. त्यांनी कचऱ्याचा डबासुद्धा कचऱ्यासकट पॅक केला होता.

माझी सवय: पहिल्या रात्रीची एक पिशवी टेम्पोत चढतच नाही, माझ्या खांद्यावर असते. गोधडी, तापाचं औषध, लसीकरणाचं कार्ड, दोन-दोन कपडे, दप्तरं, चार्जर, बादली-मग (हो, खांद्यावर नाही, हातात), कात्री आणि पार्ले-जीचे दोन पुडे.

शाळेचा दाखला. बहुतेक लोक तो घडी घालून पाकिटात टाकतात आणि घरी येऊन वाचतात. खिडकीपाशीच उभं राहून वाचा: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. हाच कागद पुढे जातीच्या दाखल्यापर्यंत लागतो. आमच्या आडनावातला एक काना शाळेने खाल्ला होता. तो परत मिळवायला नाशिकच्या तीन फेऱ्या झाल्या. आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत पहिली ते आठवीसाठी प्रवेश घेत असाल तर घाबरू नका, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम तेच सांगतं. गाव बदलत असाल तर शाळा कधी सुरू होते तेही बघा. सीबीएसईच्या शाळा साधारण एप्रिलपासून, राज्य मंडळाच्या जूनपासून, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा.

मुहूर्त बघा, माझं काही म्हणणं नाही. पण घटक चाचणीच्या आदल्या दिवशीचा मुहूर्त काढणाऱ्यांपुढे मी हात टेकले.

गॅस: गाव बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीकडे जमा करून कागद घ्या, तो दाखवून नव्या गावी जोडणी मिळते. मधले दिवस इंडक्शनवर काढायचे. आम्ही नव्या घरातलं पहिलं दूध त्यावरच उतू घातलं, सासूबाईंनी चालवून घेतलं.

फ्रीज उभाच न्या. आडवा आलाच तर काही तास उभा ठेवून मगच सुरू करा. मुलं आइस्क्रीम मागतील, मागू देत.

सोसायटीला आधी विचारा: लिफ्ट सामानाला किती वाजेपर्यंत, रविवारी चालतं का. टेम्पो गेटवर आल्यावर विचारू नका.

आणि नव्या घरात सामान चढण्याआधी खिडक्यांचे ग्रिल, बाल्कनीचा कठडा आणि बाथरूमची कडी बघा. सामान उतरवण्याच्या गडबडीत धाकटीने आतून कडी लावून घेतली होती. मोठ्या भावाने दाराबाहेर बसून तिला वीस मिनिटं गोष्ट सांगितली, तोवर सुतार आला. आता मी सुताराला टेम्पोच्या आधी बोलावते. मुलांच्या हाताला लागणारी कडी काढून वर बसवायला त्याला पंधरा मिनिटं लागतात.