लिपिडच्या आधी काच बघा

सॉलिड सपोर्टवर, म्हणजे काचेसारख्या घट्ट पृष्ठभागावर, लिपिडचं (पाण्याकडे ओढलं जाणारं डोकं आणि पाणी टाळणाऱ्या शेपट्या असलेल्या रेणूंचं) पातळ पटल बनवायला शिकणाऱ्यांचं सगळं लक्ष लिपिडकडे असतं. डीओपीसी घेऊ की पीओपीसी (ही लिपिडचीच नावं), कोलेस्टेरॉल किती, पटल मायक्रोस्कोपखाली चमकावं म्हणून डाय कोणता? माझ्याकडे कोणी ज्युनिअर आला की मी त्याला आधी काचेवर पाण्याचा थेंब सोडायला सांगते.

धुतलेल्या कव्हरस्लिपवर पिपेटने थेंब सोडायचा आणि डोळे काचेच्या पातळीत आणून कडेने बघायचं. थेंब लगेच पसरून सपाट झाला, स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड काचेशी करते तो कोन, जेमतेम काही अंशांचा राहिला, की काच जलस्नेही आहे. अळवाच्या पानावरच्यासारखा गोल उभा राहिला, तर त्या काचेवर द्विस्तराची, म्हणजे लिपिडच्या एकावर एक दोन थरांच्या पटलाची, अपेक्षा धरू नका.

कारण सरळ आहे. जलस्नेही काचेवर किंवा अभ्रकावर साधारण 100 नॅनोमीटरच्या लिपिड पिशव्या, म्हणजे व्हेसिकल, येऊन चिकटतात, चपट्या होतात, फुटतात आणि एकमेकींत मिसळून 4–5 नॅनोमीटर जाडीचा सलग द्विस्तर होतो. त्याच्या आणि काचेच्या मध्ये 1–2 नॅनोमीटर पाणी उरतं. पटलाचा जीव त्या पाण्यात आहे. त्याच्यामुळेच खालच्या थरातले रेणूही सरकू शकतात. ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन हा पाणी झटकणारा लेप लावलेल्या काचेवर स्पर्शकोन 100 अंशांच्या वर जातो. तिथे लिपिडच्या शेपट्या थेट पृष्ठभागाला टेकतात आणि एकच थर बसतो. मायक्रोस्कोपखाली तोही चमकतो, फक्त कमी, म्हणून नवख्याला तो द्विस्तरच वाटतो.

म्हणून फ्रॅप कराच, म्हणजे डायची चमक एका जागी लेझरने घालवून ती परत भरते का ते बघा. लेझरने एक गोल काळा करायचा आणि थांबायचं. डीओपीसीचा चांगला द्विस्तर असेल तर कडा आधी धूसर होतात, मग काळेपणा आतल्या बाजूला विरत जातो. मला हे बघायला अजूनही तितकंच आवडतं. डाग तसाच राहिला तर बहुधा व्हेसिकल न फुटता नुसते चिकटून बसलेत.

मात्र स्पर्शकोन कमी म्हणजे काम फत्ते, असंही समजू नका. केलर आणि कासेमो यांनी 1998 मध्ये क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्सवर, म्हणजे पृष्ठभागावर बसलेलं अगदी सूक्ष्म वजन मोजणाऱ्या उपकरणावर, दाखवलं की सिलिकावर व्हेसिकल फुटून द्विस्तर होतो, पण ऑक्सिडाइज्ड सोन्यावर ते अख्खेच राहतात. पृष्ठभागाचा विद्युतभार, बफरमधलं मीठ आणि कॅल्शियम यांचाही हिशेब असतो. थेंबाची चाचणी ही पहिली चाळणी.

स्वच्छतेसाठी प्लाझ्मा किंवा यूव्ही-ओझोन वापरा आणि काच शक्यतो लगेच घ्या. उघड्यावर ठेवली की हवेतले हायड्रोकार्बन तिच्यावर बसतात आणि स्पर्शकोन चढत जातो. पिरान्हा, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण, एकट्याने कधीच करू नका. त्यात ॲसिटोन गेलं तर स्फोट होऊ शकतो, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं तर वायूच्या दाबाने ती फुटते. याबाबतीत कोणी घाई केली तर मी सरळ रागावते.

डीपीपीसी हे लिपिड वापरणार असाल तर सगळं 41 अंश सेल्सियसच्या वर ठेवून करा. त्याखाली ते जेल अवस्थेत, म्हणजे घट्ट, असतं. आणि पटल तयार झाल्यावर ते पाण्याबाहेर काढू नका. बफर बदलताना वर पातळ थर राहू द्या, कारण हवा लागली की द्विस्तर उखडतो. वहीत फ्रॅपच्या आकड्याशेजारी त्या दिवशीच्या काचेचा स्पर्शकोनही लिहीत चला.