समुपदेशनात नवीन असाल तर: क्लायंटची गोष्ट ऐकताना

समुपदेशन शिकताना सिद्धांत भरपूर वाचून होतात. प्रत्यक्ष सेशनला बसल्यावर मात्र आधी कान तयार करावा लागतो. ‘माझं नेहमी असंच होतं’, ‘मी कायम माघार घेते’ अशी वाक्यं पुन्हा पुन्हा येत असतील, तर ती टिपून ठेवा. माणसाने स्वतःच्या आयुष्याचा निकाल तिथे लावून टाकलेला असतो, आणि त्यात न बसणारे प्रसंग तो सांगायचंच सोडून देतो.

१९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी नॅरेटिव्ह थेरपी, म्हणजे माणूस स्वतःबद्दल सांगतो त्या गोष्टीवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत, मांडली. ती नेमके हे सुटलेले प्रसंग शोधते. माणूस वेगळा, समस्या वेगळी, हा त्यांचा आग्रह. म्हणून ‘तुम्ही इतक्या घाबरट का?’ असं न विचारता ‘भीतीचं तुमच्यापुढे कोणत्या वेळी चाललं नाही?’ असं विचारायचं.

तपशील बदलून एक उदाहरण देते. माघार घेणाऱ्या एका क्लायंटला हाच प्रश्न विचारला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ‘घरचे बहिणीचं शिक्षण थांबवणार होते, तेव्हा मी भांडले होते. पण त्यात काय, कुणीही भांडलं असतं.’ हे ‘त्यात काय’ ऐकू आलं की पुढे सरकू नका. तेव्हा काय बोललात? समोर कोण होतं? तुम्ही भांडलात याचं कुणाला मुळीच नवल वाटलं नसतं? ‘आत्याला,’ ती पटकन म्हणाली, आणि पुढचं सगळं सेशन आत्याबद्दल झालं. ‘वा, किती धीट आहात!’ असं मी म्हटलं असतं, तर तो माझा निकाल झाला असता. अर्थ तिनेच लावायला हवा.

दुःख पुसून गोड शेवट लिहिणं हे आपलं काम नाही. आघाताच्या आठवणी तर कधीच उकरू नका. श्वास जलद झाला, नजर हरवली, तर गोष्ट बाजूला ठेवून आधी माणसाला सावरा आणि नंतर सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकाशी आपल्या कामाबद्दल होणाऱ्या चर्चेत, त्यावर बोला.

वृद्धांबरोबर काम करणार असाल तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांचा १९६३चा लेख जरूर वाचा. म्हातारपणी जुन्या आठवणीत रमणं ही बुद्धी मंदावल्याची खूण नसून आयुष्याचा स्वाभाविक आढावा असतो, असं त्यांनी मांडलं.

नोंदी क्लायंटच्याच शब्दांत ठेवा. पुढच्या सेशनला त्यातल्या दोन-तीन ओळी वाचून दाखवा आणि विचारा, ‘यात आज काही बदलावंसं वाटतं का?’