तारापूरच्या आसपास राहताय? रेडिएशनबद्दल एवढं माहीत हवं आणि एवढी तयारी हवी

तारापूर, घिवली, चिंचणी, बोईसर या पट्ट्यातल्या लोकांच्या मनात एकच प्रश्न असतो, अणुवीज प्रकल्प म्हणजे प्लांट एवढा जवळ आहे तर आपल्याला कॅन्सर होणार का? १९६९ पासून प्लांट चालू आहे आणि तेव्हापासून हा प्रश्नही आहे.

आधी आकडे बघू. रेडिएशनचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, आकाश, घरातली हवा आणि खाणं यातून माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, जागेप्रमाणे कमी-जास्त. पोटाचा एक सीटी स्कॅन काढला की ८-१० च्या आसपास. प्लांटमुळे बाहेरच्या माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाता कामा नये असा एईआरबीचा म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे, आणि रोजच्या कामकाजात तो याच्या बराच खाली असतो. १०० मिलिसिव्हर्ट डोस मिळाला तर आयुष्यभरात कॅन्सरची शक्यता साधारण अर्ध्या टक्क्याने वाढते असं धरतात. म्हणजे प्लांट सुरळीत चालू असताना भीतीने झोप उडवून घेण्यासारखं काही नाही. तरी दुसरी बाजूही सांगायला हवी, जर्मनीत २००७ साली आलेल्या अभ्यासात प्लांटपासून ५ किलोमीटरच्या आतल्या ५ वर्षांखालच्या मुलांमध्ये ल्युकेमियाचं म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं होतं, डोस इतका कमी होता की त्यामुळे हे झालं असं म्हणता येत नव्हतं, पण म्हणूनच आपल्याकडचे आकडे मागत राहणं हा आपला हक्क आहे. एईआरबीच्या वार्षिक अहवालात प्लांटजवळच्या लोकांना मिळालेला डोस छापलेला असतो तो वाचा, नाही समजलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

रेडिएशन मोजायचं मीटर ऑनलाइन घेतलंत तर एक लक्षात ठेवा, तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग) आसपासचा आकडा कुठेही दिसतो, त्यावरून व्हॉट्सॲपवर गावभर घबराट करू नका.

आणि खोकला, डोळे चुरचुरणं, अंगावर पुरळ हे लगेच रेडिएशनच्या नावावर टाकू नका, शेजारी एमआयडीसीत केमिकल कंपन्या आहेत. डॉक्टरला घर कुठे आणि काम कुठे दोन्ही सांगा, नाहीतर खरं कारण राहून जातं.

खरी तयारी हवी ती अपघाताची. प्लांटपासून १६ किलोमीटरपर्यंतचा भाग आपत्कालीन नियोजनात धरतात, तेव्हा मॅपवर सरळ रेषेत अंतर मोजून घ्या, रस्त्याचं नाही. बाहेरच्या लोकांना धोका आहे असं जाहीर झालं की सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, त्यामुळे सूचना प्रशासनाकडून आली तीच खरी. पहिलं काम म्हणजे घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, पंखा-एसी बंद, बाहेरून आलेल्याने कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधायचे आणि साबणाने आंघोळ करायची. गाडी काढून बोईसर स्टेशनकडे पळायचं नाही, एकाच वेळी सगळे निघाले की रस्त्यातच अडकून उघड्यावर जास्त वेळ जातो. विहिरीवर झाकण टाका, म्हशी गोठ्यात घ्या, चारा ताडपत्रीखाली. बांबूवर वाळत घातलेले बोंबील तसेच राहू द्या, ते घरात आणायचे नाहीत आणि खायचेही नाहीत.

दुधाबद्दल जरा जास्त सांगतो कारण १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुप्रकल्पातल्या अपघातात दुधाचीच चूक महागात पडली. अपघातात बाहेर पडणारं किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर बसतं, गाय ते खाते, दुधातून ते मुलांच्या थायरॉइडमध्ये जातं. तिथे दूध वेळेत थांबवलं नाही आणि पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. हे आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे सांभाळले तर मोठा धोका टळतो. प्रशासन ठीक म्हणेपर्यंत गावातलं ताजं दूध आणि उघड्यावरची पालेभाजी बंद, घरातली आधीपासूनची दूध पावडर चालेल.

आयोडीनच्या गोळ्या वाटल्या तर सांगितल्यावरच घ्या. त्या फक्त थायरॉइड वाचवतात, बाकी शरीर नाही, आणि डोस वयाप्रमाणे बदलतो, तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या साधारण आठवा हिस्सा. मुलं, गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आया आधी. जखमेवर लावायचं आयोडीन पिणं किंवा मूठभर मीठ खाणं याने फायदा शून्य आणि अपाय नक्की.

शेवटचं, घरातले म्हातारे. २०११ च्या अणुप्रकल्पाच्या अपघातानंतर जपानच्या फुकुशिमा प्रांतात हलवाहलवीचे हाल आणि विस्कटलेले उपचार यातून २ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक वयस्कर होती. म्हणून आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या वेगळ्या ठेवा, चिठ्ठीवर औषधांची नावं आणि डॉक्टरचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून त्याच पिशवीत टाका, आणि पुढच्या ग्रामसभेत विचारा की अंथरुणाला खिळलेल्या माणसांना न्यायला गाडी कुठे येणार आणि त्यांची यादी कोणाकडे आहे. यादी नसेल तर त्याच सभेत बनवायला लावा.