वाय-फाय आहे, नेट आहे, मग टीव्ही का जोडत नाही? राउटरशी उपकरणं जोडताना या चुका टाळा

"अरे, जरा खाली येऊन जातोस का? नेट गेलंय."

पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा हा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो. मी काही नेटवर्कवाला नाही. सोसायटीत पहिलं फायबर मी घेतलं, एवढाच माझा गुन्हा. खाली जाऊन पाहावं तर काकांच्या मोबाइलवर व्हॉट्सॲप धडधडीत चालू, नातवाचा गेम चालू, फक्त टीव्हीवर मालिका लागत नाही. म्हणजे नेट कुठेही गेलेलं नाही. टीव्ही राउटरवरून निसटलाय, बस.

वाय-फाय आणि नेट या दोन गोष्टी आपण एकच धरतो, आणि बहुतेक घोळ तिथून सुरू होतो. महापालिकेचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि टाकीतून नळाला येतं. नळ कोरडा असला की आपण आधी शेजारच्या बाथरूममधला नळ सोडून बघतो. तिथे पाणी असेल तर वॉर्ड ऑफिसला फोन करत नाही, प्लंबरला करतो. राउटर म्हणजे ती टाकी. मोबाइलवर वाय-फायचा पंखा पूर्ण भरलेला दिसतो तो मोबाइल ते राउटर एवढ्याच अंतराचा. राउटरच्या पलीकडे काही येतंय की नाही, ते तो पंखा सांगत नाही. म्हणून काहीही करण्याआधी घरातलं दुसरं उपकरण बघा. सगळंच बंद असेल तर बहुधा बाहेरचा प्रश्न. एकच बंद असेल तर केबलवाल्याला बोलावून उपयोग नाही.

बाहेरचा प्रश्न ओळखणं सोपं आहे. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. कुठे तरी फायबर तुटली आहे किंवा कपाट सरकवताना तिला घडी पडली आहे. ती आत काचेची असते. तांब्याच्या वायरसारखी दुमडून खिळ्याला गुंडाळायची नसते. आणि तिचं टोक काढून 'उजेड येतोय का' म्हणून डोळा लावू नका. त्यातला लेझर इन्फ्रारेड असतो, दिसत नाही, पण असतो.

त्या बारक्या भोकाला टाचणी लावू नका

आता माझी स्वतःची चूक. एका शनिवारी संध्याकाळी नेट रेंगाळायला लागलं, आणि राउटरच्या मागच्या भोकात मी टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली. 'रीसेट केलं की सगळं ठीक होतं' हे कुठे तरी ऐकलेलं. झालं असं, की वाय-फायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या जोडणीसाठी आत भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसलं गेलं. गावोगावचे केबलवाले अजूनही बरेचदा पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड टाकून उघडणारी, जोडणी देतात. ते युजरनेम त्यांनी पहिल्या दिवशी येऊन भरलेलं असतं आणि आपल्याला कधी सांगितलेलं नसतं. पूर्ण रविवार मी मोबाइलच्या डेटावर काढला.

बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. पहिलं खुशाल करा: दोन्ही डब्यांचे स्विच बंद, अर्धा मिनिट थांबा, आधी ओएनटी चालू, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर. रीसेटची वेळ आलीच तर त्याआधी राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, विभागाचा फोटो काढून घ्या. त्यात पासवर्ड ठिपक्यांतच दिसतो, म्हणून तो केबलवाल्याकडून आजच मागून घ्या आणि कागदावर लिहून डब्याच्या खाली चिकटवा. राउटरच्या पानाचा ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, डब्याच्या तळाशी छापलेला असतोच.

बल्ब जोडत नाही, कारण फोन दुसऱ्याच रस्त्यावर आहे

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक ही. स्मार्ट बल्ब, प्लग, दारावरची बेल, स्वस्तातला कॅमेरा, वॉशिंग मशीन: यातल्या बऱ्याच वस्तूंना फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो. आपला राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे सोडतो, आणि नवे राउटर दोन्हींना एकच नाव देतात. फोन हुशार असतो, तो वेगवान ५ वर जाऊन बसतो. मग ॲप म्हणतं 'डिव्हाइस सापडलं नाही', आपण बल्ब काढतो, लावतो, पाच वेळा चालू-बंद करतो, शेवटी दुकानदाराला शिव्या घालतो. बल्बचा यात काही दोष नसतो.

राउटरच्या पानावर 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' नावाची सोय असते, ती तेवढ्यापुरती बंद करा. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, फोन २.४ वर आणा आणि बल्ब जोडा. बल्ब एकदा जोडला गेला की फोन परत ५ वर गेला तरी चालतं, कारण दोघं एकाच राउटरच्या घरात असतात. पुढे नावं परत एकत्र करायची असतील तर बल्ब ज्या नावाच्या वाय-फायवर जोडला तेच नाव ठेवा. राउटरच्या पानात शिरायचं नसेल तर एक गावठी उपाय आहे: फोन आणि बल्ब घेऊन राउटरपासून दोन भिंती लांब जा. ५ चा पट्टा भिंतीत लवकर मरतो, मग फोन आपोआप २.४ वर उतरतो. दर वेळी जमतंच असं नाही, पण मी गॅलरीत उभं राहून दोन प्लग असे जोडलेत. जोडणी करताना फोनचा मोबाइल डेटा बंद, व्हीपीएन बंद आणि लोकेशन चालू ठेवा. ॲन्ड्रॉइडमध्ये लोकेशनची परवानगी नसेल तर बऱ्याच ॲप्सना आजूबाजूचं वाय-फायच दिसत नाही. बल्बला तुमचा पत्ता कशाला हवा, असं म्हणून आपण ती नाकारलेली असते.

सुरक्षेच्या नावाखाली कुणी राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३, म्हणजे वाय-फायच्या कुलपाचा नवा प्रकार, लावून ठेवला असेल तर जुना प्रिंटर आणि बल्ब दोघंही रुसतात. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र असा पर्याय असतो, तो निवडा.

आणि आता खास ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी. न्यू जर्सीहून मुलाने टीव्हीला लावायची काडी आणली, घरातले सगळे फोन वाय-फाय पकडतात, त्या काडीला मात्र ते नेटवर्क यादीतसुद्धा दिसत नाही. मग 'अमेरिकेचं आहे, इथे चालत नाही' म्हणून ती खणात जाते. बहुतेक वेळा झालेलं एवढंच असतं, की राउटरने आपल्या मनाने १२ किंवा १३ क्रमांकाचा चॅनल घेतलेला असतो. आपल्याकडे २.४ मध्ये १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेली उपकरणं साधारणपणे ११ पर्यंतच ऐकतात. राउटरमध्ये चॅनल 'ऑटो' वरून काढून १, ६ किंवा ११ वर पक्का करा. हे तीनच सांगतोय कारण एवढेच एकमेकांत घुसत नाहीत. शेजारच्या चार राउटरांच्या गर्दीतही त्याचा फायदा होतो.

नाव मराठीत ठेवायचंय?

ठेवा, मला आवडेल. पण हिशेब समजून घ्या. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. रोमन लिपीचं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडणारा हलन्तसुद्धा. 'शिवनेरी' एकवीस बाइटमध्ये बसतं. 'श्री स्वामी समर्थ' सत्तेचाळीसवर जातं, बसत नाही. आमच्या भाच्याने ते टाकून पाहिलं आणि 'राउटर मराठीद्वेष्टा आहे' असं जाहीर केलं. बसलं तरी जुन्या प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर त्या नावाऐवजी चौकोन दिसतात आणि नेमकं कोणतं निवडायचं ते कळत नाही. घरात अशी जुनी उपकरणं असतील तर नाव रोमन लिपीतच बरं.

पासवर्डमध्ये देवनागरी चालतच नाही. आठ ते त्रेसष्ट रोमन अक्षरं, अंक आणि चिन्हं. तो ठरवताना एकदा टीव्हीच्या रिमोटने टाइप करून बघा. मोठी-छोटी अक्षरं, शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल यांची खिचडी केली तर पाहुणा आला की तुम्हालाच उठून जावं लागेल. चार असंबद्ध शब्द, सगळी छोटी अक्षरं, मध्ये जागा नाही: लांब आणि सोपा. मोबाइल नंबर मात्र नको, तो अख्ख्या बिल्डिंगला माहीत असतो.

राउटर बदलताना लोक हौसेने नवं नाव ठेवतात आणि मग दोन दिवस घरभर फिरत एकेक बल्ब, कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर नव्याने जोडत बसतात. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड नव्या राउटरला अक्षर न अक्षर तसा द्या, सुरक्षेचा प्रकारही तोच ठेवा. सगळी पोरं आपोआप घरी परत येतात.

एका घरात दोन कारभारी

केबलवाल्याच्या डब्याची रेंज आतल्या खोलीत पोचत नाही, म्हणून आपण आणखी एक राउटर आणतो आणि वायरने जोडतो. यूट्यूब चालतं, म्हणून सगळं बरोबर आहे असं वाटतं. मग आतल्या खोलीतून प्रिंट द्यायला जावं तर हॉलमधला प्रिंटर सापडत नाही. कारण तुम्ही घरात दुसरं घर बांधलंय. प्रत्येक राउटर आपापल्या उपकरणांना पत्ते (आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे ओळखीचे आकडे) वाटतो, आणि आतल्या घरातली माणसं बाहेरच्या घरातल्या यादीत नसतात.

दुसऱ्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' असा मोड असेल तर तो निवडा, विषय संपला. जुन्या राउटरमध्ये तो नसतो. तिथे आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून मोकळा असलेला, समजा १९२.१६८.१.२, असा द्या, मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, आणि केबल वॅन पोर्टमध्ये न लावता लॅनच्या, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या, पोर्टमध्ये लावा. हा क्रम पाळा. डीएचसीपी बंद न करता केबल लॅनमध्ये लावलीत तर एकाच घरात पत्ते वाटणारे दोघं होतात, आणि कधी हा फोन बंद, कधी तो, असा भुताटकीचा खेळ सुरू होतो. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर समजा की त्याला पत्ता वाटणारं कुणी भेटलंच नाही.

आज छापणारा प्रिंटर उद्या 'ऑफलाइन' दिसतो, तोही याच घराण्यातला आजार. त्याचा पत्ता बदललेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर दार ठोठावत असतो. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन करून त्याला एक पत्ता कायमचा देऊन टाका. पाहुण्यांच्या गेस्ट नेटवर्कवरून प्रिंट किंवा टीव्हीवर कास्ट होत नाही, तो मात्र बिघाड नव्हे. ते नेटवर्क त्यासाठीच वेगळं ठेवलेलं असतं.

दुकानाचे कॅमेरे घरून बघायला पूर्वी डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलेलं असायचं, म्हणजे बाहेरून आत यायला एक दार उघडलेलं असायचं. फायबर घेतल्यावर ते बंद पडलं असेल तर वॅनचा पत्ता बघा. तो १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, आणि तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडलेत तरी बाहेरून दार दिसणार नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप वापरा किंवा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा पत्ता, घ्या. आणि त्या डीव्हीआरचा 'ॲडमिन' हा मूळ पासवर्ड आधी बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने असे कारखान्यातले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्याकरवी केलेल्या हल्ल्यात त्या ऑक्टोबरात मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या होत्या.

बाकी किरकोळ, पण छळणारं

राउटर टीव्हीच्या युनिटमध्ये बंद करून ठेवू नका, लोखंडी कपाटामागे नको, माशांच्या टाकीशेजारी नको. धातू आणि पाणी दोन्ही रेंज गिळतात. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ वरचं गाणं अडखळलं तर ते साहजिक आहे, दोघं एकाच पट्ट्यात बोलतात.

२०० एमबीपीएसचा प्लॅन आणि वायरने जोडलेल्या टीव्हीला ९५ च्या आसपास? आधी टीव्हीचा पोर्ट बघा, बऱ्याच टीव्हींना तो १०० चाच असतो. लॅपटॉपलाही तेवढंच मिळत असेल तर जॅक बघा. केबलच्या आठ तारांपैकी चारच क्रिम्प केलेल्या असतील तर वेग १०० च्या वर जात नाही. आठही तारा लावून घ्या.

राउटरच्या यादीत अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच शेजाऱ्यावर संशय घेऊ नका. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनवलेला मॅक पत्ता (उपकरणाची ओळख पटवणारा क्रमांक) देतात. ते अनोळखी उपकरण तुमच्याच मुलीचा फोन असू शकतो.

आणि दिवे जाण्याबद्दल. इन्व्हर्टरवर फक्त राउटर घेतला आणि ओएनटी साध्या प्लगवर राहिला, तर वीज गेल्यावर वाय-फायचा पंखा भरलेला दिसतो आणि नेट नसतं. दोन्ही डबे बॅकअपवर हवेत. छोटा यूपीएस घेताना व्होल्ट जुळवून घ्या: काही राउटर ९ व्होल्टचे, काही १२ चे, आणि पिन मात्र बरेचदा तीच. साफसफाईत ॲडॉप्टरांची अदलाबदल झाली की ९ चा डबा १२ वर जळू शकतो आणि १२ चा डबा ९ वर अधूनमधून स्वतःच बंद-चालू होत राहू शकतो. काकूंकडे शेवटी तेच निघालं होतं: ॲडॉप्टर राउटरचा नव्हे, सेट-टॉप बॉक्सचा. आता दोन्हींवर मार्करने नावं लिहून ठेवली आहेत.