ब्युनोस आयर्स ते सँटियागो: तिकीट काढण्याआधी

अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स ते चिलीतील सँटियागो हवाई अंतर साधारण 1140 किलोमीटर. विमान हवेत दोन तासांच्या आसपास असते, पण तिकिटावरच्या वेळा पाहून गोंधळायला होते. चिलीचे घड्याळ एप्रिल ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत अर्जेंटिनाच्या एक तास मागे असते, बाकीचे महिने दोन्हीकडे वेळ सारखीच. त्यामुळे जुलैत प्रवास तासाभराचाच वाटतो, परतीचा मात्र उगाच लांबलेला! प्रत्यक्षात परतीचा प्रवास थोडा लवकरच होतो, कारण वाटेतल्या अँडीज पर्वतरांगेवर वारा पश्चिमेकडून वाहतो.

तिकीट काढताना विमानतळ नीट बघा. ब्युनोस आयर्समध्ये दोन आहेत: एरोपार्के अगदी शहरात, नदीकाठी, तर एसेइसा तीसेक किलोमीटर लांब. दर थोडा जास्त असला तरी मी एरोपार्केच घेईन. टॅक्सीचे पैसे आणि तास-दीड तास वाचतो.

सँटियागोला जाताना उजवीकडची खिडकी मागा, येताना डावीकडची. हवा स्वच्छ असेल तर 6961 मीटर उंचीचे अकोन्काग्वा शिखर त्याच बाजूला दिसते. डोंगरांवर विमान हादरते, तेव्हा पट्टा बांधलेलाच ठेवा.

आणखी एक, पिशवीतले सफरचंद उतरण्याआधी खाऊन टाका. चिलीत फळे, बिया, कडधान्ये यांची तपासणी फार कडक असते. खाण्याचे काहीही जवळ असेल तर चिलीत शिरताना भरायच्या अर्जात सरळ लिहून द्या. लपवलेले सापडले तर दंड होतो.