जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे कूलिंगचे पार्ट स्वस्तात कसे मिळवावेत

आंबा घाट चढताना टेम्परेचरचा काटा नव्वदच्या पुढे सरकू लागला की एसी बंद करा, हीटर फुल करा आणि गाडी कडेला घ्या. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, ते थेट अंगावर उडतं.

पार्ट शोधण्याआधी बिघाड शोधा. रेडिएटर बदलून झाल्यावर दोष वॉटर पंपात निघाला, तर पैसे गेलेच म्हणून समजा. गॅरेजवाल्याकडून प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळतीची तपासणी, करून घ्या. पंखा सुरू होतो का ते पाहा. समुद्रकाठच्या गाडीत रेडिएटरची खालची जाळी खाऱ्या हवेनं झिजते. बोटानं घासलं की ॲल्युमिनियमचा पांढरा भुगा हाताला लागतो.

आरएसच्या १.८ टर्बो इंजिनाचा वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरतो आणि अनेक पंपांचं आतलं चक्र प्लास्टिकचं असतं. पंप काढल्यावर शाफ्ट घट्ट धरून ते चक्र बोटानं फिरवून बघा. फिरलं, तर काटा का चढत होता ते कळलं.

आता पार्ट नंबर. जुन्या पार्टवरची काजळी पुसून नंबर वाचा, फोटो काढा. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) यांच्या नंबरात मधले तीन आकडे १२१ असतात. सुरुवातीला १जे० दिसलं, तर तो चौथ्या पिढीच्या गोल्फच्या कुटुंबातला पार्ट. पहिली ऑक्टाव्हिया त्याच प्लॅटफॉर्मवरची, म्हणून दुकानात ‘आरएसचा पार्ट’ असं मागू नका, नंबर सांगा. आरएस, म्हणजे वेगवान मॉडेल, म्हटलं की भाव चढतो. साध्या ऑक्टाव्हियाची टाकी आणि झाकण बऱ्याचदा चालतं. रेडिएटर मात्र टेपनं माप घेऊन, पाइपची तोंडं जुळवूनच घ्या.

रत्नागिरी-चिपळूणला पार्ट मिळाला नाही, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी करा. पंख्याची मोटर जुनी घेतली तरी चालेल, पण बारा व्होल्टच्या बॅटरीवर समोर फिरवून. रेडिएटर जुना घेणार असाल, तर प्रेशर टेस्ट करूनच. पंप, थर्मोस्टॅट, होज (रबरी पाइप) आणि झाकण नवंच घ्या. माहले, हेला, व्हॅलिओ यांचे पार्ट कंपनीच्या खोक्यातल्यापेक्षा सहसा स्वस्त पडतात. पंप बदलताना टायमिंग बेल्टही बदलून घ्या, कारण मजुरी एकदाच लागते.

भरताना विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी नवा रेडिएटरही चोंदतो. डिस्टिल्ड वॉटर आणि गुलाबी जी१२ कूलंट निम्मं-निम्मं घ्या. जुनं हिरवं कूलंट असेल, तर सिस्टिम धुऊन काढा. दोन्ही मिसळले की तपकिरी गाळ होतो. हीटर सुरू ठेवून हवा काढा आणि दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना टाकीतली पातळी पुन्हा बघा.